इंग्रजी शब्दांच्या शेपट्या: लिहायच्या वेगळ्या, बोलायच्या वेगळ्या

इंग्रजी स्पेलिंगचा विषय निघाला की सगळे सायलेंट अक्षरांबद्दल बोलतात, नाइफमधला के, सायकॉलॉजीमधला पी वगैरे. पण हे दोन्ही शब्दाच्या सुरुवातीला आहेत, एकदा कळले की विषय संपला. खरी मजा आणि खरा त्रास शब्दाच्या शेवटी आहे. ई-डी, एस, टी-आय-ओ-एन, ए-टी-ई, ए-जी-ई या ज्या शेपट्या आहेत ना, त्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतात आणि आपल्याला त्या फक्त लिहायला शिकवतात, म्हणजे वाय काढा आणि आय-ई-एस लावा, शेवटचं अक्षर डबल करा, ई गाळून आय-एन-जी लावा. त्या म्हणायच्या कशा, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. मला हा विषय मनापासून आवडतो आणि त्यावर कधीची लिहीन म्हणत होते, तर आज बसलेच.

ई-डीपासून सुरू करू. वॉक, प्ले आणि वॉन्ट ही तीन क्रियापदं घ्या. तिघांनाही भूतकाळात तेच ई-डी लागतं, पण बोलताना होतं वॉक्ट, प्लेड आणि वॉन्टिड. एकीकडे ट, एकीकडे ड, एकीकडे इड. लिहिण्यात काहीच फरक नाही, बोलण्यात तीन प्रकार, आणि यात नशिबाचा भाग नाही, नियम एकदम पक्का आहे. तो समजायला एक छोटी गोष्ट करून बघा. बोटं गळ्यावर ठेवा आणि नुसता स लांबवा, सससस. गळ्यात काहीच हलत नाही. आता झेब्रातला झ तसाच लांबवा. बोटांना लगेच थरथर जाणवते. आपल्या व्याकरणात याला कठोर आणि मृदू वर्ण म्हणतात. वॉकच्या शेवटी क आहे, कठोर, म्हणून मागून येणारा ड पण कठोर होतो, म्हणजे ट होतो. हेल्प्ट, लाफ्ट, वॉश्ट, वॉच्ट सगळे त्याच रांगेतले. प्लेच्या शेवटी स्वर आहे, तिथे गळा आधीच चालू आहे, म्हणून ड तसाच राहतो. कॉल्ड, ओपन्ड, लव्ह्ड पण तसेच. आणि शब्दाच्या शेवटी आधीच ट किंवा ड असेल तर अजून एक ट चिकटवून ऐकणाऱ्याला काही कळणारच नाही, म्हणून तिथे मधे एक छोटा इ येतो, वॉन्टिड, नीडिड, वेटिड.

आपल्याला हे नवीन वाटायचं खरं तर काही कारण नाही. विपद् आणि काल मिळून विपत्काल होतो, विपद्काल नाही, हा व्यंजनसंधी आपण पाठ केलेला असतो. तिथे पुढचा क मागच्या द ला कठोर करतो, इंग्रजीत मागचा क पुढच्या ड ला कठोर करतो. दिशा उलटी, पण तोंडाची अडचण तीच, गळा मधेच बंद करून परत चालू करायचा कंटाळा.

माझा भाचा हे ऐकून म्हणाला, "मावशी, मग सरळ टीच लिहायचा ना, ई-डी कशाला लिहितात?" प्रश्न अगदी रास्त आहे. काही शब्दांत लिहितातही, स्लेप्ट, केप्ट, आणि ब्रिटिश लोक लर्न्ट, बर्न्ट लिहितात तेही टीनेच. पण बाकी सगळीकडे ई-डी एकसारखं ठेवल्याचा फायदा असा की डोळ्याला शब्द दिसल्या दिसल्या कळतं, हा भूतकाळ आहे. कानाला तीन आवाज, डोळ्याला एकच खूण. इंग्रजीतल्या बहुतेक शेपट्यांचं असंच आहे, स्पेलिंग अर्थ धरून बसलेलं असतं आणि उच्चार त्याच्या आधीचा आवाज काय आहे ते बघून ठरतो. एकदा हे डोक्यात बसलं की अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतात.

ई-डीमधला ई उगाच आलेला नाही बरं का. जुन्या इंग्रजीत तो खरंच म्हणायचे, बऱ्याच क्रियापदांना, म्हणजे वॉकच्या भूतकाळाचे दोन तुकडे व्हायचे. मग हळूहळू तो गिळला जायला लागला. हे गिळणं सगळ्यांना आवडलं होतं असं नाही. जोनाथन स्विफ्ट, म्हणजे तो प्रसिद्ध लेखकच, 1712 मध्ये यावर जाहीरपणे वैतागला होता. त्याचं म्हणणं, कवींनी वृत्तात बसवायला म्हणून शब्द तोडले आणि ती सवय गद्यातही पसरली. उदाहरणं दिली होती डिस्टर्ब्ड, रिब्यूक्ड अशी. आज आपल्याला तेच शब्द अगदी नॉर्मल वाटतात आणि स्विफ्टला हवा असलेला डिस्टर्बिड ऐकला तर आपण चूक म्हणू.

तरी तो जुना उच्चार पूर्ण मेलेला नाही, विशेषणांमध्ये लपून बसलाय. नेकिड, विकिड, सेक्रिड, रगिड, क्रुकिड. लर्न हे क्रियापद असताना लर्न्ड किंवा लर्न्ट, पण विद्वान माणूस म्हणजे लर्निड. ब्लेसचा भूतकाळ ब्लेस्ट, पण पवित्र या अर्थाने ब्लेसिड. आणि सगळ्यात जास्त फसवणारे शब्द म्हणजे एल-वाय लागलेले. अलेज्ड म्हणायचं पण अलेजिडली, सपोझ्ड पण सपोझिडली, मार्क्ट पण मार्किडली. इंग्रजी बातम्या ऐकताना अलेजिडली दर दोन मिनिटांनी येतो, नीट ऐका, मधला इ स्पष्ट ऐकू येईल.

एसचं गणित डिट्टो तेच आहे. कॅट्स मध्ये स, डॉग्झ मध्ये झ, बसिझ मध्ये इझ. अनेकवचन असो, ही-शीबरोबरचं क्रियापद असो, नाहीतर मालकी दाखवणारा वरच्या स्वल्पविरामाचा एस असो, तिन्हीकडे हाच नियम. आपण सरसकट स म्हणतो, डॉग्स, बॉइज ऐवजी बॉइस, आणि इथे खरंच अर्थ बदलू शकतो. प्लेझ म्हणजे खेळतो आणि प्लेस म्हणजे जागा. आइझ म्हणजे डोळे आणि आइस म्हणजे बर्फ. यात एक बारीक गोष्ट आहे जी मला कळली तेव्हा फार भारी वाटली होती. इंग्रज माणूस शेवटचा झ बऱ्याचदा इतका हळू सोडतो की तो जवळपास स च वाटतो, मग ऐकणारा ओळखतो कसा, तर आधीच्या स्वरावरून. मृदू आवाजाच्या आधीचा स्वर जास्त वेळ धरला जातो. प्लेऽझ लांब, प्लेस आखूड. आइऽझ लांब, आइस तोडल्यासारखा. म्हणजे तुम्हाला झ जमत नसेल तरी फक्त स्वर लांबवा, समोरच्याला कळतं.

हा नियम इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना कोणी शिकवत नाही. जीन बर्को नावाच्या संशोधक बाईंनी 1958 मध्ये याचा एक सुंदर प्रयोग छापला. त्यांनी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र काढलं, पक्ष्यासारखं काहीतरी, आणि लहान मुलांना सांगितलं, हा एक वग आहे. मग दोन प्राण्यांचं चित्र दाखवलं, आता हे दोन आहेत, हे दोन काय? मुलं म्हणाली वग्झ. वग हा शब्द जगात नव्हताच, मुलांनी तो कुठून ऐकलेला असणं शक्य नाही, तरी ग च्या मागे झ लावायचा हे त्यांना आतूनच माहीत. पण शब्दाच्या शेवटी आधीच स किंवा च सारखा आवाज असला तर तीच मुलं अडखळली, बरीच जण नुसता मूळ शब्दच परत म्हणाली. म्हणजे इझवाला प्रकार त्यांनाही उशिरा येतो. तेव्हा आपल्याला वेळ लागला तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता टी-आय-ओ-एन. याचा शन होतो हे सगळ्यांना माहीत आहे, स्टेशन, नेशन, अ‍ॅक्शन, त्यावर वेळ घालवत नाही. पण टी-आय-ओ-एनच्या आधी एस आला की शन नाही, चन. क्वेश्चन, सजेश्चन, डायजेश्चन. आणि शन आला कुठून ते बघण्यासारखं आहे. हे शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आले आणि चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत नेशन हा तीन तुकड्यांचा शब्द होता, साधारण ना-सि-ऊन. सि आणि त्याच्या मागे स्वर, हे भरभर म्हणून बघा, सिय सिय सिय, जीभ आपोआप श कडे सरकते. पिक्चर, फ्यूचर, नेचर मध्ये पण हेच झालंय, तिथे ट आणि य एकत्र येऊन च झाला. स्पेलिंगमध्ये टी तसाच राहिला कारण लॅटिनमध्ये टी होता.

याच्या शेजारचं एस-आय-ओ-एन मात्र आपल्याला जड जातं. आधी एन, एल किंवा अजून एक एस असेल तर साधा शन, टेन्शन, एक्स्पल्शन, मिशन. पण आधी स्वर असेल तर एक असा आवाज येतो जो मराठीत नाहीच. व्हिजन, डिसिजन, टेलिव्हिजन आपण ज ने लिहितो आणि म्हणतोही ज नेच, कारण लिहिणार काय, त्याला अक्षरच नाही. तो ज नाही, जाड मधलाही नाही आणि जीव मधलाही नाही. तो काढायची युक्ती परत गळ्यावर बोटं ठेवून. श लांबवा, शशशश, गळा शांत आहे. आता जीभ, ओठ काही न हलवता फक्त गळा चालू करा. जो आवाज निघेल तो डिसिजन मधला. मेझर, ट्रेझर, युज्वल मधेही तोच. व्हर्जनमध्ये मात्र आधी आर आहे आणि तिथे इंग्रजांचंच एकमत नाही, ब्रिटनमध्ये जास्त करून व्हर्शन आणि अमेरिकेत हा गळ्यातला आवाज. इक्वेशन पण गंमतशीर आहे, टी-आय-ओ-एन असूनही बहुतेक लोक त्यात हाच मृदू आवाज काढतात.

आणि केमिस्ट्रीतला कॅटायन, म्हणजे धन विद्युतभार असलेला कण! स्पेलिंग बघितलं तर केशन म्हणावंसं वाटतं, पण तिथे टी-आय-ओ-एन ही शेपटी नाहीच, कॅट आणि आयन असे दोन भाग जोडलेत. हा शब्द मायकल फॅरडेने 1834 मध्ये वापरात आणला. शेपटी खरी आहे की नुसती तशी दिसते हे शब्द कसा जुळलाय त्यावर ठरतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, ए-जी-ई आणि ए-टी-ई. आपण म्हणतो व्हिलेज, मेसेज, डॅमेज, लगेज, आणि इंग्रजीत हे सगळे इज आहेत, व्हिलिज, मेसिज, डॅमिज, लगिज. सर्फेस नाही सर्फिस, पॅलेस नाही पॅलिस, नेकलेस नाही नेकलिस. माउंटन, कॅप्टन, सर्टन मधला ए-आय तर पूर्ण विरघळलेला. यामागे एकच कारण आहे आणि ते म्हणजे जोर. मराठीत आपण शब्दातल्या प्रत्येक अक्षराला साधारण सारखाच मान देतो. इंग्रजीत एका तुकड्यावर सगळा जोर आणि बाकीचे तुकडे दबलेले. यातले फ्रेंचमधून आलेले शब्द आधी शेवटावर जोर घेऊन आले होते, इंग्रजीत राहता राहता जोर पुढे सरकला, पहिल्या तुकड्यावर गेला, आणि शेपटी विझत विझत इज झाली. जे शब्द उशिरा आले त्यांची शेपटी अजून शाबूत आहे, मसाज, मिराज. म्हणून मेसिज आणि मसाज, स्पेलिंगची शेपटी तीच आणि उच्चार इतका लांब. गराज अजून मधेच लटकलाय, अमेरिकन गराज म्हणतात आणि ब्रिटनमध्ये गॅरिज म्हणणारे पुष्कळ आहेत. एकाच शब्दात शंभर वर्षांचा प्रवास चालू असताना बघायला मिळतो, मला तर हे फार थोर वाटतं.

ए-टी-ईमध्ये अजून एक पदर आहे. क्रियापद असेल तर एट पूर्ण म्हणायचं, नाम किंवा विशेषण असेल तर दाबून इट किंवा अट. वेगळं करणे म्हणजे सेपरेट, पण वेगळा या अर्थाने सेप्रिट. अंदाज करणे एस्टिमेट, अंदाज हा एस्टिमिट. पदवी घेणे ग्रॅज्युएट, पदवीधर माणूस ग्रॅज्युइट. डेलिबरेट, मॉडरेट, डुप्लिकेट, सगळे या जोडीत बसतात. इंग्रजी बोलणारा माणूस शेपटी ऐकूनच ठरवतो की हे करणं आहे की वस्तू आहे. आणि ज्यांना क्रियापदच नाही त्यांतले बरेच कायम दाबलेले, चॉक्लिट, क्लायमिट, प्रायव्हिट. डिक्शनरीत बघाल तेव्हा एकच उच्चार बघून बंद करू नका, क्रियापदाचा आणि विशेषणाचा वेगवेगळा दिलेला असतो.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. मराठी बोलताना कोणी मेसिज, चॉक्लिट असं म्हणायला लागलं तर मला ते अजिबात पटत नाही. मेसेज, चॉकलेट, प्रायव्हेट हे आता मराठी शब्द आहेत, त्यांना मराठीचा उच्चार आहे आणि तो बरोबर आहे. आपण तरी कुठे लिहिल्यासारखं बोलतो, करवत लिहितो आणि कर्वत म्हणतो, केले लिहितो आणि केलं म्हणतो, कोणाला काही खटकत नाही. प्रत्येक भाषेचं तोंड वेगळं. पण इंग्रजी ऐकताना हे माहीत असायलाच हवं, कारण कान व्हिलेजची वाट बघत बसतो आणि समोरचा व्हिलिज म्हणून पुढे निघून गेलेला असतो. फार जणांना वाटतं आपल्याला इंग्रजी ऐकून कळत नाही कारण ते लोक फास्ट बोलतात. फास्ट बोलत नाहीत हो, शेपट्या दाबतात.

काही शेपट्या तर जोर ओढूनही नेतात. फोटोग्राफमध्ये जोर फो वर, फोटॉग्रफीमध्ये टॉ वर, फोटोग्रॅफिकमध्ये ग्रॅ वर. आय-सी, टी-आय-ओ-एन, आय-टी-वाय लागलं की जोर त्यांच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. अपवाद आहेत, पॉलिटिक्स, लूनटिक, पण नियम बऱ्यापैकी विश्वासाचा आहे.

शेवटच्या सायलेंट ई बद्दल थोडंच सांगते. तो पण एके काळी बोलला जायचा, नेम हा शब्द पूर्वी नाम आणि मागे एक पुसट अ असा होता (हो, आपल्या संस्कृत नामन् चाच नातेवाईक आहे तो). साधारण 1400 पर्यंत तो अ गेला, अक्षर राहिलं, आणि मग लोकांनी त्याला बाकीच्या कामांना लावलं. हॉपचा होप करायचा, ब्रेथचा ब्रीद करायचा, लार्जमधला जी ग नाही ज आहे हे सांगायचं. हॅव, गिव्ह, लव्ह यांच्यात मात्र तो स्वर लांब करत नाही, तो तिथे आहे कारण इंग्रजीत शब्द व्ही वर संपवायची पद्धत नाही. पूर्वी यू आणि व्ही ही वेगळी अक्षरं मानायचेच नाहीत, मागचा ई बघून कळायचं की हा व आहे. म्हणून गिव्हचा उच्चार गाइव्ह का नाही असं मुलांनी विचारलं तर "अपवाद आहे" म्हणून गप्प करू नका, कारण आहे आणि चांगलं कारण आहे.

मुक्या अक्षरांवर मला कधी राग येत नाही तो अजून एका गोष्टीमुळे. साइनच्या शेवटी जी-एन आहे, जी मुका. पण त्याला शेपटी लावा, सिग्नेचर, आणि जी बोलायला लागला. रिझाइन, रेझिग्नेशन. ऑटमचा शेवटचा एन मुका, ऑटम्नल मध्ये जिवंत. कॉलम आणि कॉलम्निस्ट. बॉममधला शेवटचा बी मुका, बॉम्बार्ड मध्ये बोलतो. ती अक्षरं काढून टाकली तर उच्चार सोपा होईल पण एकाच घरातले शब्द एकमेकांना ओळखणार नाहीत. थम आणि लिममधल्या बी ला मात्र हे कारण लागू नाही, जुन्या इंग्रजीत त्या शब्दांत बी नव्हताच, लॅम आणि क्लाइम यांच्यात खरा होता, त्यांचं बघून यांच्याही मागे लागला.

आता राहिलं ओ-यू-जी-एच, सगळ्यात बदनाम. दो, थ्रू, कॉफ म्हणजे खोकला, रफ, बाउ म्हणजे फांदी, थरो. एक शेपटी आणि सहा तोंडं. जी-एचच्या जागी पूर्वी घशातून घासून येणारा ख सारखा आवाज होता, स्कॉटिश लॉख (म्हणजे तळं) मध्ये आणि जर्मनमध्ये अजून आहे. इंग्रजीने तो आवाज टाकून दिला पण सगळीकडे एकसारखा नाही टाकला, काही शब्दांत तो नुसता गेला आणि काहींत त्याचा फ झाला, इनफ, लाफ, टफ. आधीचा स्वरही प्रत्येक शब्दात आपापल्या वाटेने गेला. इथे आधीचा आवाज बघा, जोर बघा, काही उपयोग नाही, त्यामुळे हे शब्द सरळ पाठ करायचे. रोजच्या वापरातले मोजकेच आहेत, एका बसण्यात होतात. फक्त उचकीचा हिकप कुठे ओ-यू-जी-एचने लिहिलेला दिसला तर गोंधळू नका, कोणीतरी तो खोकल्याच्या शब्दाशी जोडून टाकला आणि ते स्पेलिंग चिकटलं, म्हणायचं हिकपच.